हायब्रिड गाडीत पहाटेच्या थंडीत हीटर पुरत नाही (रत्नागिरी–कोल्हापूर प्रवास)

मिऱ्याबंदर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे स्ट्राँग हायब्रिड एसयूव्ही आहे (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर धावणारी), सेकंड हँड घेतलेली. मायलेज, आराम, चढावरची ताकद, कशाबद्दलच तक्रार नाही. प्रश्न फक्त हीटरचा आहे.

आईला संधिवात आहे आणि तिला नियमितपणे कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. वेळ सकाळची मिळते, म्हणून पहाटे साडेचारच्या सुमारास रत्नागिरी सोडतो. शहरात समुद्रामुळे थंडी अशी नसतेच. हातखंबा, पाली मागे पडलं की हवा बदलते, आणि साखरप्याच्या पुढे आंबा घाटात चांगलाच गारठा आणि धुकं असतं. नेमकी तेव्हाच आईच्या गुडघ्यांना ऊब लागते.

निघाल्यावर बराच वेळ झोत कोमटच येतो. नाणीज-दाभोळ्याच्या सपाट रस्त्यावरसुद्धा म्हणावा तसा गरम होत नाही. घाट चढायला लागलो की छान गरम. परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर घाट उतरताना पुन्हा गार वारा, आणि वर काच आतून धुरकट होते. आमच्या जुन्या डिझेल गाडीत एकदा हीटर तापला की मुक्कामाला पोचेपर्यंत प्रश्न नसायचा. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, हायब्रिडमध्ये असंच असतं. खरंच असंच असतं का? काही करता येईल का?

दापोलीकरीण

कोकणात थंडी नसते असं म्हणणाऱ्यांना मी जानेवारीत पहाटे दापोलीला बोलावते. काही हिवाळ्यांत इथे पारा १० अंशांच्या खाली गेलेला आहे. आणि म्हाताऱ्या माणसांना १५ अंशसुद्धा सोसत नाहीत, त्यात हवा दमट. तेव्हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आमच्याकडेही हायब्रिड आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं कोमट हवा येते हे खरं, पण सपाट हायवेला मात्र व्यवस्थित गरम होतं. तुमच्या वर्णनातली ती एक गोष्ट मला खटकली.

हापूस४१६

माझ्या गाडीच्या मागेही हायब्रिड असं लिहिलंय. मला तर हीटरचा काहीच त्रास नाही. सगळ्या हायब्रिडमध्ये असं असतं हे पटत नाही.

उष्मागतिकी

हापूस४१६, तुमची बहुधा माइल्ड हायब्रिड असेल. आपल्याकडे २०१५ मध्ये सियाझ डिझेलपासून 'स्मार्ट हायब्रिड' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. त्यात छोटी बॅटरी आणि पट्ट्याने जोडलेला स्टार्टर-जनरेटर असतो. सिग्नलला इंजिन बंद पडतं तेवढंच; गाडी चालू असताना इंजिन चालूच राहतं. त्यामुळे तिचा हीटर साध्या पेट्रोल गाडीसारखाच वागतो. स्ट्राँग हायब्रिडची गोष्ट वेगळी, कारण ती धावत असतानाही इंजिन बंद करते.

मिऱ्याबंदर, थोडं सविस्तर लिहितो, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतात.

पेट्रोल इंजिनाच्या गाडीत उबेसाठी वेगळं इंधन जळत नाही. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे कूलंट फिरतं, तेच डॅशबोर्डामागच्या एका छोट्या रेडिएटरमधून नेलेलं असतं. त्याला हीटर कोअर म्हणतात. त्यावरून पंखा हवा फेकतो. म्हणजे आपल्याला मिळते ती इंजिनाची वाया जाणारी उष्णता. स्ट्राँग हायब्रिडमध्ये दोन गोष्टी घडतात. एक, इंजिन ॲटकिन्सन सायकलवर चालतं आणि पेट्रोलमधली ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामाला लावतं, म्हणून वाया जाणारी उष्णता मुळातच कमी. दुसरी जास्त महत्त्वाची: सावकाश चालताना, उतारावर, सिग्नलला इंजिन बंदच असतं. बंबातला जाळ ओढून घेतला की पाणी जसं हळूहळू निवत जातं, तसं कूलंट निवतं. ते ५०-६० अंशांच्या खाली आलं की झोत कोमट लागायला लागतो.

आता थोडा हिशेब. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. ताशी ६० च्या वेगाने, लिटरला २० किलोमीटर धरले तरी तासाला तीन लिटर, म्हणजे २७ युनिट. बाहेर १५ अंश असताना आत २४-२५ अंश ठेवायला फार तर दीड किलोवॉट लागतो, तासाला दीड युनिट. इंजिन कितीही काटकसरी असलं तरी २७ पैकी दीड युनिट कूलंटमधून सहज मिळते. म्हणून दापोलीकरीण यांचा मुद्दा अगदी बरोबर आहे. सुरुवातीला कोमट आणि घाट उतरताना गार, हे हायब्रिडचं स्वाभाविक वागणं. पण तासभर चालून तापलेल्या गाडीत सपाट हायवेला कोमट, हे स्वाभाविक नाही. तिथे काहीतरी तपासायला हवं. 'असंच असतं' हे उत्तर तुमच्या निम्म्याच प्रश्नाला लागू आहे.

घाटवाट

एक शंका. इंजिन बंद असताना एसी तर मस्त थंड चालतो. मग त्याच बॅटरीवर हीटर का चालवत नाहीत?

उष्मागतिकी

चांगला प्रश्न. स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नसतो, मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो. म्हणून मे महिन्यात चिपळूणच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन बंद असूनही थंडावा मिळतो. कॉम्प्रेसर एक युनिट वीज घेऊन दोन-तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो. विजेचा साधा हीटर मात्र एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो.

आणि बॅटरी केवढी? २०२२ मध्ये आलेल्या हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये ती पाऊण युनिटच्या आसपास आहे. शिवाय आयुष्य टिकावं म्हणून गाडी ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. एक किलोवॉटचा हीटर लावला तर वीस मिनिटांच्या आत इंजिनाला जागं व्हावंच लागेल. याउलट २०२० च्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटची होती, चाळीसपट. तिथे विजेवर ऊब करणं परवडतं. हायब्रिडची बॅटरी ऊर्जा साठवून ठेवण्यासाठी नाही, ब्रेकची आणि चढउताराची देवाणघेवाण करण्यासाठी आहे.

मालवण_ते_ऑटवा

मी मूळचा मालवणचा, आता बरीच वर्षं कॅनडात. इथे उणे २५ मध्ये हायब्रिड चालवतो, तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क सांगतो.

इथल्या हायब्रिड गाड्यांत डॅशबोर्डात विजेचा छोटा सहायक हीटर देतात. कूलंट तापेपर्यंत तो थोडी ऊब देतो. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिडच्या तिसऱ्या पिढीत, २००९ पासून, सायलेन्सरमधून जाणारी उष्णता पकडून कूलंटला देण्याची सोयही केली होती. त्याआधीच्या प्रियसच्या अमेरिकेत विकलेल्या मॉडेलात तर एक खराखुरा थर्मास होता: साधारण तीन लिटर गरम कूलंट तो तीन दिवसांपर्यंत गरम ठेवायचा आणि पुढच्या वेळी गाडी सुरू करताना इंजिनात सोडायचा. हेतू प्रदूषण कमी करण्याचा होता. पण यावरून कळतं की थंड इंजिन ही हायब्रिड बनवणाऱ्यांची पहिल्यापासूनची डोकेदुखी आहे.

चालवणाऱ्याच्या हातात असलेल्या गोष्टी सांगतो. ईको मोड काढा. त्यात पंखा आणि तापमान दोन्हीवर काट मारली जाते आणि कूलंट बरंच गार होईपर्यंत गाडी इंजिन सुरू करत नाही. नॉर्मलमध्ये ठेवा. तापमान २२ वरून २६-२७ केलंत की गाडी कूलंट जास्त गरम ठेवायचा प्रयत्न करते, म्हणजे इंजिन आपण होऊन जास्त वेळा चालू होतं. घाट उतरायच्या आधी, आंबा गावातच, तापमान वाढवून ठेवा. झोत गार झाल्यावर वाढवू नका. आणि सुरुवातीला पंखा जोरात लावू नका. ऑटो वर असेल तर गाडी स्वतःच पंखा हळू ठेवते, त्याला बिघाड समजू नये. कोमट हवेचा जोराचा झोत अंगावर घेण्यापेक्षा तो न घेतलेला बरा.

इथे आम्ही पुढच्या जाळीला पुठ्ठा किंवा फोम लावून थंड वारा अडवतो. त्याचाही फायदा होतो.

उष्मागतिकी

बाकी सगळं पटलं, पण शेवटचं आपल्याकडे कुणी करू नये अशी हात जोडून विनंती. रत्नागिरीत जानेवारीतही दुपारी पारा ३० च्या वर जातो. पहाटे लावलेला पुठ्ठा परतताना काढायचा राहिला आणि भर उन्हात घाट चढायची वेळ आली, तर इंजिन तापेल, एसीचा कंडेन्सरही तापेल. १५ अंशांच्या थंडीसाठी त्याची गरजच नाही. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) ठीक असेल तर कूलंट तापेपर्यंत तो त्याला रेडिएटरकडे जाऊच देत नाही.

घाट उतरताना आणखी एक. उतार मोठा असला की बॅटरी भरते. मग गाडी इंजिन नुसतं फिरवून ब्रेकसारखं वापरते, गिअर 'बी' मध्ये (उतारावर इंजिनाचा ब्रेक लावणारी जागा) टाकला तर लवकरच. इंजिनाचा आवाज येतो, पण आत पेट्रोल जळत नसतं, त्यामुळे उष्णता तयार होत नाही. आवाज येतोय तरी हीटर गार का, असा गोंधळ यातून होतो. म्हणून ऑटवाकर म्हणतात तसं, वर असतानाच तापमान वाढवून कूलंट चांगलं गरम करून घ्यावं. पेट्रोलची चिंता करू नका. इंजिन तासभर जागच्या जागी चालू ठेवलं तरी अर्धा ते पाऊण लिटर लागतं. घाटाच्या उताराला त्याचा लहानसा भाग. आईच्या गुडघ्यांपुढे तो हिशेब करूच नये.

कुडाळचो_मेस्त्री

मिऱ्याबंदर, माका एक सांगा. डॅशबोर्डातसून पाणी बुडबुडल्यासारखो आवाज येता काय? आणि रेडिएटर, पाइप, कूलंट ह्यातला काय हल्ली बदललेला असा काय?

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून असं लिहितो. सपाटीला कोमट आणि चढावर गरम असेल तर मी आधी कूलंटची पातळी बघतो. हीटर कोअरमध्ये हवा अडकली की पाणी नीट फिरत नाही. हायब्रिडला एक गोष्ट ध्यानात ठेवायची: बऱ्याच गाड्यांत कूलंटच्या दोन वेगळ्या टाक्या असतात, एक इंजिनाची, एक इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग). लोक एक बघतात आणि दुसरी राहते. टोपी गरम असताना उघडायची नाही, चेहरा भाजतो. कमी असेल तर कंपनीने सांगितलेलं तयार कूलंटच घालायचं, विहिरीचं पाणी नाही.

दुसरं, थर्मोस्टॅट उघडा अडकणं. मग हायवेला वाऱ्याने कूलंट गार होत राहतं. हजार-दीड हजारात ओबीडीचं (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं) ब्लूटूथ यंत्र मिळतं, मोबाइलवर कूलंटचं तापमान दिसतं. हायवेला अर्धा तास चालून ८०-९० च्या आसपास यायला हवं. साठ-पासष्टलाच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट. अशा वेळी पुष्कळदा पी०१२८ हा बिघाडाचा कोड येतो. आणि तापमान ८५ दाखवतंय पण झोत कोमट, तर कूलंट गरम आहे पण हीटर कोअरपर्यंत पोचत नाही, किंवा गरम-थंड हवा मिसळणारी आतली झडप अडकली आहे.

आवशीक पुढच्या सीटवर बसवा. पायांका ऊब थंयच जास्त गावता.

मिऱ्याबंदर

सगळ्यांचे मनापासून आभार. मेस्त्री, तुम्ही विचारलंत आणि आठवलं: गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डाच्या डाव्या बाजूने बुडबुड येते. आम्हाला ते एसीचं पाणी वाटत होतं. आणि होय, गेल्या पावसाळ्यात समोरून धडक बसली होती, तेव्हा एका वर्कशॉपमध्ये रेडिएटर आणि कूलंट बदललं होतं.

मित्राचं ओबीडी यंत्र लावून हातखंब्यापासून दाभोळ्यापर्यंत जाऊन आलो. कूलंट ८६-८७ वर स्थिर. झोत मात्र हात लावला तर जेमतेम कोमट.

कुडाळचो_मेस्त्री

मग हवाच अडकली आहे, नव्वद टक्के. यात गाडीचा दोष नाही. रेडिएटर बदलल्यावर हवा काढणं पूर्ण झालेलं नाही. हायब्रिडमध्ये पाण्याचा पंप विजेवर असतो आणि इंजिन स्वतःच्या मर्जीने बंद पडतं, म्हणून जुन्या पद्धतीने टोपी उघडी ठेवून ॲक्सिलरेटर दाबत बसलं तर हवा पूर्ण निघत नाही. स्कॅनर लावून पंप चालू ठेवावा लागतो किंवा मेंटेनन्स मोडमध्ये इंजिन सलग चालवावं लागतं. हे घरी करू नका. वर्कशॉपला जाऊन 'हीटर कमी आहे' एवढंच सांगू नका. सांगा, कूलंट ८६, झोत कोमट, बुडबुड आवाज, रेडिएटर बदललेला, हवा काढून द्या. एवढं नेमकं सांगितलं की कोणी 'असंच असतं' म्हणत नाही.

दापोलीकरीण

काचेबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडे ऊब कमी पडण्यापेक्षा धुरकट काच जास्त धोक्याची, त्यातून घाटात.

काच आतून धुरकट होते ती आपल्या श्वासाच्या आणि ओल्या कपड्यांच्या बाष्पामुळे. चार माणसं, दंवाने ओले झालेले बूट, डिकीत ओला पंचा, एवढं पुरतं. हीटर लावलाय म्हणून एसी बंद ठेवायचा असं पुष्कळजण समजतात. दोन्ही एकत्र चालवायचे. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, हीटर तीच हवा गरम करून काचेवर सोडतो. आतली हवा आत फिरवण्याचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्यायची. लवकर ऊब यावी म्हणून लोक आतलीच हवा फिरवत राहतात आणि काच आंधळी करून घेतात. पहिली पाचेक मिनिटं तसं केलं तर चालेल, पुढे नाही.

पावसाळ्यात याच्या उलट होतं. काच बाहेरून धुरकट होते, कारण एसीच्या झोताने ती थंड पडते आणि बाहेरचं बाष्प तिच्यावर जमतं. तेव्हा वायपर मारायचा आणि काचेवरचा थंड झोत काढायचा किंवा तापमान वाढवायचं. फडका फिरवून आतून पुसत बसून काही होत नाही. काच आतून स्वच्छ, तेलकट नसलेली ठेवली तर दोन्ही ऋतूंत फरक पडतो.

आणि एक. बऱ्याच गाड्यांत मागच्या माणसांच्या पायांसाठी गरम हवा पुढच्या सीटखालून येते. आपण तिथेच चपला, नारळ, तांदळाची पिशवी सारून देतो. ती वाट मोकळी ठेवा.

घाटवाट

ऑनलाइन १२ व्होल्टचे छोटे हीटर मिळतात, लायटरच्या सॉकेटला लावायचे. ते घ्यावेत का?

उष्मागतिकी

घेऊ नका. त्या सॉकेटला साधारण १२० वॉटची मर्यादा असते. आपल्याला हवे दीड हजार वॉट. म्हणजे ऊब जाणवणार नाही, उलट सॉकेट तापायचं आणि फ्यूज उडायचा. तेवढीच वीज सीटवर टाकायच्या गरम गादीला दिली तर मात्र उपयोग होतो, कारण ती थेट अंगाला ऊब देते, हवा तापवत बसत नाही. संधिवाताच्या माणसाला तर तीच जास्त बरी. फक्त तापमान कमी ठेवून मधूनमधून त्वचा बघा, वयस्कर माणसांना चटका उशिरा कळतो. गुडघ्यांवर लोकरी शाल आणि रबरी पिशवीत गरम पाणी, हेही पहिल्या अर्ध्या तासाला पुरतं.

मिऱ्याबंदर

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये हवा काढून घेतली. बुडबुड गेली, सपाटीला आता झोत व्यवस्थित गरम येतो. ईको मोडही काढला. सुरुवातीची काही मिनिटं राहतातच, त्यासाठी आई बसण्याआधी पंधरा मिनिटं गाडी गॅरेजमध्ये सुरू करून ठेवायचं ठरवलंय. गॅरेजचं शटर खाली असतं, त्यामुळे गारवाही येत नाही.

उष्मागतिकी

हे कृपया करू नका. शटर उघडं हवं, खरं तर गाडी बाहेरच हवी. हायब्रिड 'रेडी' मध्ये (म्हणजे सुरू, निघायला तयार) ठेवली की आधी आवाज येत नाही, माणसाला वाटतं गाडी बंदच आहे. हीटर लावलेला असला की ती स्वतःहून इंजिन सुरू करते, थांबवते, पुन्हा सुरू करते. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅरेजला लागून झोपायची खोली असेल तर दाराच्या फटीतून तो आत येतो. परदेशात आवाज न येणारी गाडी गॅरेजमध्ये चालू राहून माणसं गेलेली आहेत.

मिऱ्याबंदर

हे खरंच माहीत नव्हतं. गॅरेजच्या वरच आईची खोली आहे. मग कसं करू? अंगणात काढून ठेवली तर चालेल?

मालवण_ते_ऑटवा

चालेल. अंगणात, सायलेन्सरचं तोंड घराच्या खिडक्यांकडे नको. 'रेडी' मध्ये, 'पी' (पार्क) वर आणि हँडब्रेक लावून. 'एन' (न्यूट्रल) वर ठेवू नका, त्यात बॅटरी चार्ज होत नाही. नुसतं इग्निशन ऑन करून पंखा लावू नका, त्याने छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरते. 'रेडी' मध्ये तिला मोठी बॅटरी सांभाळते. तापमान सगळ्यात वर, पंखा हळू, आठ-दहा मिनिटं पुरे. कोणीतरी गाडीजवळ थांबा. आणि चावी खिशात घेऊन घरात गेलात तरी गाडी चालूच राहते, म्हणून निघताना आणि आल्यावर 'रेडी' चा दिवा बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, आईलासुद्धा.

कुडाळचो_मेस्त्री

आणि कूलंटची पातळी पुढचो महिनोभर आठवड्यान एकदा बघा, सकाळी गाडी गार असताना. हवा काढल्यावर थोडी खाली येता. 'लो' च्या खाली गेली तर घालून घ्या; परत परत खाली जात असली तर खंयतरी गळता, थेट घेवन या.